उस्मानाबादचा प्रयोग : 'नेहमीची सेवा' या संज्ञेची चिकित्सा

न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनच्या एप्रिल २००९ च्या अंकात मराठवाड्यातील स्त्रियांविषयीचा एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक केंद्र आणि फ्रान्समधील लियाँ येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांचा हा संयुक्त प्रयोग; अर्थसाहाय्य गेट्स प्रतिष्ठानचे. तत्कालीन उस्मानाबाद (आजच्या धाराशिव) जिल्ह्यातील ३० ते ५९ वयोगटातील १,३१,७४६ स्त्रियांची ५२ ग्रामसमूहांनुसार चार गटांत विभागणी करण्यात आली. तीन गटांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी तीन भिन्न पद्धतींनी एकवार तपासणी झाली. चौथ्या गटाच्या वाट्याला 'नेहमीची सेवा' आली.

प्रस्तुत समीक्षेचा रोख या दोन शब्दांवर आहे. ज्या जिल्ह्यात संघटित तपासणीची सोयच नव्हती, तेथे नेहमीची सेवा म्हणजे तपासणीचा अभाव. निबंधाची भाषा मात्र अभावाला सेवेचे नाव देते. आठ वर्षांत एचपीव्ही विषाणूची चाचणी झालेल्या गटात ३४ स्त्रिया या रोगाने दगावल्या, चौथ्या गटात ६४. उस्मानाबाद, मुंबई व तामिळनाडूतील दिंडिगल येथील अशा तीन प्रयोगांच्या तपासणीविना ठेवलेल्या गटांत मिळून २५४ मृत्यू झाले, असा आक्षेप इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्समध्ये २०१४ साली घेतला गेला.

हा आक्षेप गंभीर आहे; तथापि तो जसाच्या तसा स्वीकारता येत नाही. उस्मानाबादेत पेशीतपासणीने, तसेच ॲसिटिक आम्ल लावून डोळ्यांनी पाहण्याच्या पद्धतीने मृत्यूंत लक्षणीय घट झाली नाही. चौथा गट नसता तर हे कळलेच नसते आणि तीनही पद्धती सारख्याच गुणकारी समजल्या गेल्या असत्या. शास्त्राच्या बाजूने एवढे म्हणणे न्याय्य ठरेल.

खरा प्रश्न निबंध संपल्यानंतर सुरू होतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये एचपीव्ही डीएनए चाचणीची प्राथमिक तपासणी म्हणून शिफारस केली. त्यामागील पुराव्यांत उस्मानाबादचे स्थान मोठे आहे. आपल्या केंद्र शासनाच्या २०१६ च्या आराखड्याने मात्र स्वीकारली ती डोळ्यांनी पाहण्याची पद्धत. मुंबई व दिंडिगल येथे तिचा लाभ दिसला होता आणि ती स्वस्त आहे, हे मान्यच. पण ज्या स्त्रियांच्या देहांवर पुरावा उभा राहिला, त्यांच्याच प्रदेशासाठी कमी खर्चाचा निष्कर्ष निवडला गेला. सहकार्याच्या करारात निष्कर्षाच्या मालकीचा विचार होतो, तसा त्याच्या लाभाचा का होऊ नये?

अंबड-घनसावंगीकडून ऊसतोडीला जाणारी स्त्री वर्षाचे कित्येक महिने गावात नसते. तपासणीचे शिबिर गावात भरते तेव्हा ती फडावर असते. उद्या जालना जिल्ह्यात असा प्रयोग आखला गेला, तर ती कोणत्या गटात मोजली जाईल?