नेसरीची युद्धस्मृती आणि परतलेला सैनिक : एक चिकित्सा

प्रस्तावना :
कोल्हापूर जिल्ह्याच्या गडहिंग्लज तालुक्यातील नेसरी हे गाव मराठी मनात एका मृत्यूच्या संदर्भात स्थिरावले आहे. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी सरनोबत प्रतापराव गुजर येथे बहलोलखानाच्या सैन्याशी लढताना धारातीर्थी पडले. या स्मृतीत रणात पडलेल्यांना मानाचे स्थान आहे. परतलेल्यांचे काय झाले, हा प्रश्न मात्र अभावानेच विचारला जातो. प्रस्तुत लेखात या मौनाची चिकित्सा केली आहे.

साधनांतील नेसरी :
१६७३ मध्ये उमराणीच्या लढाईत कोंडीत सापडलेल्या बहलोलखानास प्रतापरावांनी जाऊ दिले. याबद्दल शिवाजी महाराजांचा रोष झाला आणि विजय मिळविल्याखेरीज तोंड दाखवू नये, असे त्यांनी बजावले, असा आशय सभासद बखरीत येतो. या आज्ञेने सेनापतीच्या परतण्यालाच अट घातली. सभासद मोठ्या युद्धाचे वर्णन करतो, महाराजांना झालेले दुःख नोंदवितो; सात स्वारांची कथा मात्र सांगत नाही. ती संख्या समकालीन इंग्रजी पत्रव्यवहारात मिळते. दोन टेकड्यांमधील अरुंद वाटेत, फौजेची कुमक न मिळाल्याने प्रतापराव सहा स्वारांसह मारले गेले, असा तेथील तपशील आहे. त्या सहा जणांची नावे उत्तरकालीन परंपरेतून आली असून त्यांबाबत मतभेद आहेत.

‘कुमक न मिळाल्याने’ हा तपशील महत्त्वाचा आहे. त्यातून एक मागे राहिलेली फौज समोर येते. पुढे आनंदरावांनी ही खचलेली फौज सावरली आणि हंसाजी मोहिते हे हंबीरराव या किताबाने सरनोबत झाले. म्हणजे पराभवानंतर सावरणे हाही नेसरीच्याच इतिहासाचा भाग होय.

काव्यातील नेसरी :
कुसुमाग्रजांच्या कवितेने आणि हृदयनाथ मंगेशकरांनी दिलेल्या संगीतामुळे ही घटना घराघरांत पोहोचली. कवितेत मागे राहिलेली सेना क्षणभर दिसते, तीही आश्चर्याने थक्क झालेली. अखेरीस स्मृतीचे वाहक ठरतात ते दगड, ओढा आणि माती, माणूस नव्हे. काव्यदृष्ट्या ही योजना प्रभावी आहे. परंतु तिच्यामुळे साक्षीदार सैनिकाची स्मृती, त्याचा अपराधभाव आणि त्याची घरची वाट कवितेच्या कक्षेबाहेर राहतात. हा कवितेचा दोष नव्हे. एकाच कवितेवर सगळी युद्धस्मृती सोपविणाऱ्या वाचकवर्गाची ती मर्यादा आहे.

परतलेल्यांचे अनुभव :
आधुनिक काळात असे अनुभव उपलब्ध आहेत. १९४५ मध्ये इटलीतील सेनिओ नदीकाठी नामदेव जाधव यांनी जखमी सहकाऱ्यांना सुरक्षित स्थळी आणले आणि पुन्हा शत्रूवर चाल केली. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. येथे माणसे परत आणणे हाच पराक्रम ठरतो. नेसरीपासून फार दूर नसलेल्या सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झाले. १९७२ च्या हायडेलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी जलतरणात सुवर्णपदक मिळविले; पद्मश्री मात्र २०१८ मध्ये मिळाली. मधली ४६ वर्षे समाजाच्या स्मरणशक्तीविषयी पुरेसे सांगतात. खडकीचे अपंग सैनिकांचे पुनर्वसन केंद्रही आपल्या साहित्यविचारात क्वचितच येते. १९६२ च्या युद्धावरील मेजर जनरल शशिकांत पित्रे यांच्या ग्रंथाचे ‘न सांगण्याजोगी गोष्ट’ हे शीर्षकच पराभवाच्या स्मृतीभोवतीचा संकोच व्यक्त करते.

निष्कर्ष :
बलिदानाचा गौरव आणि परतलेल्यांची दखल यांत विरोध नाही. पश्चिम महाराष्ट्रातील गावोगावी माजी सैनिक आहेत. त्यांच्या मौखिक आठवणींचे संकलन महाविद्यालयांतील मराठी व इतिहास विभागांना संयुक्तपणे हाती घेता येईल. विजयाबरोबरच भीती, जखम आणि घरी आल्यावरचे अवघडलेपण सांगण्याची मुभा त्या संकलनात असावी. नेसरीच्या खिंडीतील स्मारक पडलेल्यांची आठवण जपते. मागे राहिलेल्या फौजेची गोष्ट ऐकणे हे अभ्यासकांचे काम आहे.