जाड अक्षराच्या आतली पांढरी जागा

घाटंजीच्या बाजारातून जाताना अक्षरं लांबूनच अंगावर येतात. कृषी केंद्र, मोबाइलचं दुकान, मंगल कार्यालय, चौकातला वाढदिवसाचा फ्लेक्स, सगळीकडे ठासून भरलेली जाडजूड देवनागरी. कायदाही आता या अक्षराच्या बाजूनं आहे. दुकाने व आस्थापना कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनं दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी पाटी बंधनकारक केली आणि मराठी अक्षर इतर भाषेतल्या अक्षरापेक्षा लहान नसावं असं बजावलं. अक्षराच्या मापाचा प्रश्न मिटला. त्याच्या रूपाकडे मात्र अजून कुणी पाहिलेलं नाही, आणि मला काळजी आहे ती त्याचीच.

जाड अक्षराला माझा विरोध नाही. युरोपातलं ब्लॅकलेटर हे वळण जाडीवरच उभं राहिलं. गुटेनबर्गनं १४५५ च्या सुमारास बेचाळीस ओळींचं बायबल छापलं ते याच वळणात. जर्मनीत त्याच घराण्यातलं फ्राक्टूर विसाव्या शतकातही रोजच्या छपाईत होतं. १९४१ मध्ये नाझी सरकारनं ते बाजूला सारलं. ‘न्यूयॉर्क टाइम्स’चं नाव आजही ब्लॅकलेटरमध्येच छापलं जातं. त्याचं बळ नुसत्या शाईत नाही. उभे दांडे जाड, आणि दोन दांड्यांमधली पांढरी पट्टी जवळजवळ दांड्याइतकीच रुंद, हा त्याचा हिशेब. काळ्याइतकीच पांढऱ्याची मोजणी झाली, म्हणून ते डौलदार दिसतं. तरीही पानभर मजकूर त्यात वाचताना आजचा वाचक थकतो; शीर्षकाला, नाममुद्रेला ते शोभतं.

आपल्याकडे ही जाडी बोरूतून आली, आणि बोरूची कापणी उलट्या दिशेची. रोमन अक्षरात डावीकडून उजवीकडे उतरणारी तिरपी रेघ जाड होते. देवनागरीत तीच रेघ बारीक होते आणि उजवीकडून डावीकडे उतरणारी जाड. म्हणून ब्लॅकलेटरचे टोकदार कोपरे आणि त्याचा कल उचलून देवनागरीला लावले, की अक्षर वेषांतर केल्यासारखं दिसतं. सलूनच्या आणि जिमच्या पाट्यांवर असले प्रयोग दिसतात. ते मला फसलेले वाटतात, कारण त्यांत हात बोरूचा नाही.

आपलं स्वतःचं काळं, भरदार वळण नव्हतं असं नाही. पश्चिम भारतातल्या कल्पसूत्राच्या जैन पोथ्या पाहाव्यात. त्यांतलं अक्षर ठेंगणं, रुंद आणि गच्च, तरी प्रत्येक अक्षर सुटं वाचता येतं. मुंबईच्या ‘एक टाइप’ या गटानं त्या पोथ्यांवरून ‘जैनी’ हा टाइप केला. देवनागरीतलं ब्लॅकलेटर दाखवा म्हटलं, तर मी त्याच्याकडे बोट दाखवीन. याच गटाचा ‘मोदक’ अगदी दुसऱ्या टोकाचा. तो इतका गुबगुबीत आहे की अक्षराच्या आत पोकळी जवळपास उरतच नाही, उरतात त्या पांढऱ्या फटी. पण त्या फटी कुठे ठेवायच्या हे प्रत्येक अक्षरासाठी नव्यानं ठरवलेलं आहे. बारशाला, मिठाईच्या दुकानाला, गणेशोत्सवाला ‘मोदक’ छान. श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर तो लावणं मला खपत नाही.

दोन्ही टाइप फुकट मिळतात. मग ते आपल्या बाजारात का दिसत नाहीत? फ्लेक्सचं बरंचसं काम कोरल ड्रॉमध्ये चालतं. त्याच्या जुन्या आवृत्त्यांत युनिकोडची जोडाक्षरं नीट बसत नाहीत, म्हणून दुकानदार वर्षानुवर्षांच्या जुन्या फॉन्टांना धरून राहतो. तो फॉन्ट पुरेसा ठळक वाटला नाही, की त्याला आउटलाइन दिली जाते. इथेच घात होतो. आउटलाइन बाहेर वाढते तशी आतही वाढते आणि पोकळी गिळते. ‘ध’च्या डोक्यावरची फट बुजली की तो ‘घ’ होतो, ‘भ’ची बुजली की ‘म’. ‘धान्य भांडार’ लांबून ‘घान्य मांडार’ वाचलं जातं. ‘घाटंजी’ या नावातच ‘ट’वरचा अनुस्वार आणि ‘जी’ची वेलांटी एकमेकांना चिकटतात. त्यावर पिवळा भराव, लाल कड आणि काळी सावली चढली, की वाचायला काही उरत नाही.

हातानं पाटी रंगवणाऱ्या पेंटरला हे शिकवावं लागत नसे. ब्रश फिरवतानाच तो आतली जागा राखायचा. छपाईच्या खिळ्यांतही हेच होतं. १८६९ मध्ये जावजी दादाजींनी निर्णयसागर छापखाना काढला. तिथल्या खिळ्यांची कीर्ती झाली ती राणोजी रावजी आरूंसारख्या कारागिरांमुळे. एकेक अक्षर पोलादात कोरायचं तर आतली पोकळी आधी सांभाळावी लागते. कमल शेडग्यांनी नाटकांच्या जाहिरातींसाठी जी नावं रेखाटली, त्यांत जाडी नाटकाच्या स्वभावातून येई. २०२० मध्ये ते गेले. त्यांच्यासारखं काम करायला आज साधनं भरपूर आहेत, पण एका नावासाठी दोन दिवस द्यायची तयारी गिऱ्हाइकाची नाही, म्हणून ती कारागिराचीही राहिली नाही. माझ्या मते आपल्या पाट्यांची खरी दुरवस्था हीच.

तेव्हा घाटंजीच्या व्यापारी मंडळींना एक विनंती. पाटी छापायला देण्याआधी तिचा नमुना कागदावर काढून रस्त्यापलीकडून पाहा. ध, भ, ष आणि जोडाक्षरं तेवढ्या अंतरावरून ओळखू येत नसतील, तर जाडी वाढवू नका, कमी करा. आणि गावात अजून ब्रश धरणारा पेंटर असेल, तर पुढची पाटी त्याच्याकडून करून घ्या.