कागदातले संप्रेरक : एका गाजलेल्या लेखाचे पुनर्वाचन

कॅरोल विल्यम्स यांचा ‘तिसऱ्या पिढीची कीटकनाशके’ हा लेख १९६७ साली ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातली कागदाची हकिकत सहसा ‘योगायोगाने लागलेला शोध’ म्हणून सांगितली जाते. आम्हांला हे वर्णन अपुरे वाटते.

कारेल स्लामा प्रागहून हार्वर्डला आले, ते लिंडन वृक्षाच्या बियांवर जगणारे लाल-काळे ढेकूण घेऊन. हे ढेकूण पाच बाल्यावस्थांनंतर प्रौढ होतात. हार्वर्डमध्ये मात्र ते सहाव्या, काही तर सातव्या बाल्यावस्थेत जाऊन मरू लागले. बाल्य टिकवणारे संप्रेरक त्यांना कुठून तरी मिळत होते. योगायोग एवढाच! पुढचे सारे श्रेय चिकाटीचे. दोन्ही प्रयोगशाळांतला एकेक फरक तपासत संशोधक काचबशीतल्या कागदी रुमालाच्या तुकड्यापर्यंत पोहोचले. मग वर्तमानपत्रे तपासली. ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या कागदावर ढेकूण बालच राहिले, लंडनच्या ‘टाइम्स’च्या कागदावर नीट वाढले. अमेरिकी कागदाच्या लगद्यातल्या बाल्सम फर या सूचिपर्णी वृक्षातच तो पदार्थ होता. १९६६ साली विल्यम बॉवर्स व सहकाऱ्यांनी तो वेगळा केला. त्याचे नाव ज्युवाबायोन.

लेखाचा हा भाग वर्गात जरूर वाचावा. आमचा आक्षेप आहे तो त्यातल्या भाकितावर. स्वतःच्याच संप्रेरकाला दाद न देणे हा कीटकाचा आत्मघात ठरेल, म्हणून प्रतिकारक्षमता सहजी येणार नाही, असे विल्यम्स म्हणतात. तर्क देखणा आहे, पण त्याला प्रयोगाचा आधार नव्हता. बाहेरून आलेला जादा पदार्थ शरीरात लवकर मोडून टाकला तरी कीटकाचे भागते. १९७२ मध्येच काही घरमाश्यांत अशा कृत्रिम संप्रेरकाला प्रतिकार आढळला.

दुसरी उणीव शेताशी संबंधित आहे. कपाशीवरचा लाल ढेकण्या याच कुळातला. त्याच्यावरही कागदातला हा पदार्थ चालतो, हे १९६६ सालीच दिसले होते. पण त्याची पिल्लेही बोंडातला रस शोषतात. पिल्लू मोठे झाले नाही तर पुढची पिढी थांबेल. समोरचे बोंड मात्र वाचेलच असे नाही. डासांचे तसे नाही. पाण्यातली अळी चावत नाही, चावतो तो प्रौढ डास. म्हणूनच मेथोप्रिन हे कृत्रिम संप्रेरक डासांच्या अळ्यांवर उपयोगी पडले.

शिक्षकांना आमची सूचना अशी : लाल ढेकण्या आणि डास यांची जीवनचक्रे फळ्यावर शेजारीशेजारी काढावीत आणि हे औषध कुठे उपयोगी पडेल, हे मुलांनाच ठरवू द्यावे. विल्यम्स यांचे भाकीत त्यानंतर वाचावे.