स्वयंपाकघरातील अक्षरे

राससुंदरी देवी (जन्म सुमारे १८१०) यांचे ‘आमार जीवन’ हे बंगालीतील आद्य आत्मचरित्र मानले जाते. बाराव्या वर्षी विवाह, पुढे बारा अपत्ये आणि मोठ्या कुटुंबाचे दोन्ही वेळचे रांधणे, यांत स्वतःच्या जेवणालाही सवड नाही, असा दिनक्रम त्यात येतो. पंचविशीच्या सुमारास त्यांनी ‘चैतन्यभागवता’च्या पोथीतील एक पान स्वयंपाकघरात लपवले. थोरल्या मुलाने अक्षरे गिरवलेले ताडपत्र शेजारी धरून, माहेरच्या शाळेत कानी पडलेल्या वर्णांशी ते ताडून पाहिले.

हा प्रसंग म्हणजे स्वयंपाकघरावरचा विजय, असे म्हणणे अपुरे आहे. जी जागा वेळ हिरावून घेते, तीच येथे आडोसाही देते. मात्र हा आडोसा वाचनापुरताच आहे. वाचन कामाच्या ओघात, चोरट्या नजरेने साधते. लेखनास दौत, लेखणी, कागद आणि निवांत बैठक लागते. म्हणूनच लेखन त्यांना बऱ्याच काळाने, एका मुलाच्या आग्रहामुळे साध्य झाले.

रमाबाई रानडे यांच्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’मध्ये (१९१०) शिक्षण पतीच्या पुढाकाराने येते. राससुंदरींना असा गुरू नाही. त्या श्रेय ईश्वराला देतात. परंतु उपाशी गेलेल्या दिवसांचा हिशेबही त्या विसरत नाहीत. कृतज्ञता आणि गाऱ्हाणे एकाच संयत स्वरात नांदतात, हेच या आत्मचरित्राचे वाङ्मयीन सामर्थ्य होय.