'भरवसा' आणि 'हवाला' : ना. वा. टिळकांच्या श्रद्धेची एक चिकित्सा

माणसाने स्वतःच्या बुद्धीवर न विसंबता ईश्वराच्या मार्गदर्शनाने चालावे, ही ख्रिस्ती जीवनातील शिकवण मराठीत दोन प्रयोगांनी व्यक्त होऊ शकते. देवावर 'भरवसा ठेवणे' आणि देवावर 'हवाला टाकणे' हे प्रयोग वरवर समानार्थी वाटतात. तथापि भरवसा ठेवणारा आपल्या जागी जबाबदार राहतो. हवाला टाकणाऱ्याच्या अंगावरचे ओझे उतरते. 'हवाला' हा शब्दच मूळचा अरबी व देण्याघेण्याच्या व्यवहारातला आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांच्या श्रद्धेचा विचार करताना हा भेद निर्णायक ठरतो.

टिळकांनी १८९५ साली मुंबईस बाप्तिस्मा घेतला, तो बुद्धी गहाण टाकून नव्हे. रेल्वेप्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने दिलेला 'नवा करार' त्यांनी जिज्ञासूच्या दृष्टीने वाचला, आणि स्वजन दुरावतील हे ठाऊक असूनही निर्णय केला. येथे बुद्धी वाटाड्याची जागा सोडते, परंतु साक्षीदार म्हणून उभी राहते.

तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, ही टिळकांची भूमिका प्रसिद्धच आहे. तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडविली, असे परंपरा सांगते. आज त्या देहूच्या आसमंतात पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत कारखान्यांचा पट्टा पसरला आहे. हिशेब व वेळापत्रक यांवर चालणाऱ्या त्या जगात ही कृती अव्यवहारी वाटेल. परंतु तुकोबांनी भावाचा वाटा वेगळा काढून केवळ स्वतःचे येणे सोडले, हा परंपरेतील तपशील महत्त्वाचा होय. तो भरवसा होता, हवाला नव्हे. तरीही घरातील चुलीची चिंता जिजाबाईंकडेच राहिली.

हाच पेच टिळकांच्या बाबतीत अधिक तीव्र होतो. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' स्थापिला. त्यांच्या कवितेवरून पाहिले, तर हा समर्पणाचा कळस दिसतो. लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' वाचली म्हणजे त्याची दुसरी बाजू कळते. टिळकांचा हात सढळ होता आणि उद्याची काळजी त्यांना शिवत नसे. ती काळजी लक्ष्मीबाई करीत. टिळक देवावर विसंबले, हे खरे. परंतु व्यवहारात तो भार पुष्कळदा पत्नीच्या काटकसरीवर पडला, हेही तितकेच खरे.

म्हणून टिळकांची श्रद्धा ढोंगी वा उथळ ठरत नाही. लक्ष्मीबाईंनीही पुढे स्वतःच्या विचाराने तोच धर्म स्वीकारला, आणि टिळकांच्या मागे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' नेटाने पुढे नेले. केवळ अनुयायिनीचे हे काम नव्हे. मात्र ईश्वरनिष्ठेचे मूल्यमापन केवळ भक्ताच्या उद्गारांवरून करण्याची समीक्षेची रूढी अपुरी आहे, एवढे यातून सिद्ध होते. निष्ठेचा खर्च कोणी सोसला, हेही पाहिले पाहिजे. त्या दृष्टीने 'स्मृतिचित्रे' हा टिळकांच्या भक्तिकाव्याला जोडलेला, आणि त्याहून कमी श्रद्धाळू नसलेला, टीकाग्रंथच होय.