‘महातीर्थ’मधली दाई

बदलीवर वाराणसीस आलेल्या आमच्यासारख्यांच्या घरी पहिले मूल झाले, की माहेर दूर राहते आणि दाई घरात येते. तेलपाणी, धुरी, अंगाई, सारे तिच्या हातचे. मूल बोलू लागते तेही बहुधा तिच्याच बोलीत.

येथून जवळच लमहीस १८८० साली जन्मलेल्या प्रेमचंदांची ‘महातीर्थ’ ही कथा म्हणूनच आम्ही पुन्हा वाचली. सुखदा ही गृहिणी बाजारहाटाच्या पैशांचा संशय घेऊन दाई कैलासीस घरातून घालवते. लळा लागलेला रुद्र आजारी पडतो. बद्रीनाथास निघालेली कैलासी बापाच्या विनवणीवरून स्टेशनावरूनच परत फिरते, आणि मूल सावरते. उर्दूत हीच कथा ‘हज्जे अकबर’ होते. तेथे दाई अब्बासी आणि वाट मक्केची. धर्म बदलूनही कथेचा सांधा ढळत नाही, हे तिचे बळ.

सुखदेचा संशय पैशांचा, असे कथा सांगते. आम्हांस तो मत्सराचा वाटतो. आमच्याही घरी एकदा बाळ दाईच्या कडेवरून आईकडे येईना, आणि त्याच संध्याकाळी भाजीचा हिशेब दोनदा मागितला गेला! लेखकाने या दुखऱ्या जागी अधिक थांबावयास हवे होते. नवख्या आईचा एकटेपणा त्याच्या दृष्टीस फारसा पडत नाही. तिच्या वाट्यास केवळ पश्चात्ताप येतो.

शेवटाविषयीही आमची तक्रार आहे. मुलाची सेवा हेच महातीर्थ, हे ऐकून मालकाचे मन हलके होते खरे. कैलासीचे बद्रीनाथ मात्र कथेत राहूनच जाते.