म्हणींतील विनोद आणि हरवलेल्या वस्तू

म्हण ही उपदेशाची पुडी आहे, असा समज शालेय पुस्तकांनी रूढ केला आहे. 'अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा' ह्या प्रश्नाचे उत्तर ठरलेले असते. विद्यार्थ्यास गुण मिळतात, हसू मात्र कोणासच येत नाही. आमच्या मते म्हणीचा विनोद तिच्या तात्पर्यात नसून तिच्यातील वस्तूत असतो, आणि ती वस्तूच आज वर्गाबाहेर राहिली आहे.

'बैल गेला अन् झोपा केला' ही म्हण पाहा. झोपा म्हणजे गोठ्याचे दार. रिकाम्या गोठ्यास दार बसविणारा हा शेतकरी निजलेला नाही. तो चांगला घाम गाळीत आहे, आणि ही अवेळीची मेहनतच हास्यास्पद आहे. शब्द मागे पडल्यामुळे अनेकांस येथे झोप दिसते. मग उद्योगी मूर्खाच्या जागी केवळ आळशी मनुष्य उरतो आणि विनोदाचा कणाच मोडतो. 'नाव सोनुबाई अन् हाती कथलाचा वाळा' हिचेही तसेच. पितळी भांड्यांना कल्हई होताना ज्याने पाहिली नाही, त्यास कथील म्हणजे कोणतातरी हलका धातू, एवढेच कळते. नाव सोन्याचे आणि हाती कल्हईवाल्याचा माल, ही गंमत त्याच्या हाती लागत नाही.

'दुष्काळात तेरावा महिना' ही म्हण तर काहीच शिकवीत नाही. आधीच धान्य पुरेना, त्यात पंचांगाने अधिक मास घातला. दोष द्यावा तरी कोणास? आपल्याच हालांकडे पाहून हसण्याची ही ताकद उपदेशाहून मोठी आहे.

सर्वच म्हणी गौरवाव्यात, असे आमचे म्हणणे नाही. जातींवर व विधवांवर रोखलेल्या कित्येक म्हणींतील हसू निर्दयपणाचे आहे. ते तसे आहे, हेही वर्गात सांगितले पाहिजे.

मॅनवेरिंग ह्यांचा १८९९ मधील संग्रह आणि दाते-कर्वे ह्यांचा 'महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश' ह्यांनी म्हणी कागदावर राखल्या. त्या हसत्या राखण्याचे काम शिक्षकांचे आहे. इंदूर-बडोद्याकडे, जेथे मूल उंबऱ्याबाहेर पडताच बहुधा दुसरी भाषा बोलू लागते, तेथे हे काम अधिक निकडीचे आहे. शिक्षकाने आधी झोपा दाखवावा, कथील दाखवावे. तात्पर्य मुले आपण होऊन काढतील.